बाराबूच्या पायवाटा

पायवाटेच्या तोंडाशी एक लोखंडी चौकट रोवलेली होती. तिच्या तळाशी आणि दोन्ही बाजूंना राठ केसांचे ब्रश. मी ती ओलांडून पुढे निघाले, तर मुलीने दंडाला धरून मागे ओढलं. "आई, आधी बूट घास." मला वाटलं होतं, परतताना चिखल काढायची ती सोय असावी. "परतताना घासायचेच, पण जातानाही घासायचे. तुझ्या बुटांच्या खाचांत दुसऱ्या रानातलं बी असेल, तर ते इथे पडायला नको."

मी वाकून पाहिलं. ब्रशच्या मुळाशी वाळलेली माती होती आणि तिच्यात काळपट, लांबट, जिऱ्याच्या निम्म्याने भरेल एवढं बी अडकलेलं होतं. मुलीच्या मते ते गार्लिक मस्टर्डचं असावं. युरोपातून आलेल्या लोकांनी ही भाजी स्वयंपाकासाठी आणली. पान चुरगाळलं की लसणाचा वास येतो. परसातून निसटून ती रानात शिरली आणि आता वसंतात इथल्या मूळच्या रानफुलांना ती डोकं वर काढू देत नाही. आपल्याकडे घाणेरीने आणि रानमोडीने जे केलं, तेच. सह्याद्रीत मी तीस वर्षं भटकले आहे. गडाच्या पायथ्याशी बूट घासायला मला कधी कुणी सांगितलं नाही आणि मलाही ते सुचलं नाही. त्या चौकटीत मी दोन्ही बूट नीट घासले, टाचेपासून चवड्यापर्यंत, आणि मगच आत पाऊल टाकलं.

बाराबू हे विस्कॉन्सिन राज्यातलं गाव. मॅडिसनपासून चाळीसेक मैलांवर, वस्ती साडेबारा हजारांच्या आसपास. मध्यभागी न्यायालयाची इमारत, तिच्याभोवती चौक, चौकात दुकानं. अमेरिकेत या गावाचं नाव आहे ते सर्कशीमुळे. रिंगलिंग बंधूंनी १८८४ साली इथूनच आपली सर्कस सुरू केली आणि १९१८ पर्यंत हिवाळ्यात त्यांचे हत्ती-घोडे इथेच मुक्कामाला असत. शिकागोकडची पुष्कळ मराठी कुटुंबं उन्हाळ्यात मुलांना घेऊन विस्कॉन्सिन डेल्सच्या वॉटर पार्कला जातात. बाराबू त्याच वाटेवर, डेल्सच्या दहा-बारा मैल अलीकडे आहे. आमच्याच ओळखीतल्या कितीतरी जणांच्या गाड्या या फाट्यावरून दर वर्षी सरळ पुढे जातात. मीही मुलीकडे दोनदा येऊन गेले होते आणि दोन्ही वेळा सरळ पुढेच गेले होते. या खेपेला ऑक्टोबरअखेरचे आठ दिवस मी या गावाच्या आसपासची रानं, टेकड्या आणि पायवाटा पाहण्यासाठी राखून ठेवले.

मिडवेस्ट म्हटलं की मक्याची सपाट शेतं डोळ्यांसमोर येतात. इथे तसं नाही. बाराबूच्या टेकड्या या मक्याच्या समुद्रातलं बेट आहेत. खडक क्वार्ट्झाइटचा, सोलकढीच्या रंगाचा, ऊन तिरपं झालं की जांभळ्याकडे झुकणारा. आपला सह्याद्रीचा काळा कातळ साडेसहा कोटी वर्षांचा. हा एकशे साठ-सत्तर कोटी वर्षांचा, म्हणजे पंचवीसपट जुना. गावाजवळच्या डेव्हिल्स लेक या सरोवराच्या पूर्वेच्या कड्यावर चढताना एका शिळेवर मला वळ्या दिसल्या. ओहोटीनंतर गुहागरच्या वाळूवर दिसतात तशाच, बोटाएवढ्या जाडीच्या, एकीला लागून एक. उथळ पाण्याने तेव्हा वाळूवर त्या उमटवल्या, वाळूचा दगड झाला आणि पुढे उष्णतेने व दाबाने हा कठीण कातळ झाला, तरी वळ्या तशाच राहिल्या. मी तळहात त्यांच्यावर ठेवला. दगड गार होता. तेव्हा जमिनीवर ना झाड होतं ना गवताचं पातं, आणि पाण्याची लाट मात्र आजच्यासारखीच वाळूवर येऊन विरत होती.

सरोवराची घडण सांगायला हवी, कारण ट्रेकर मंडळींना ती लगेच कळेल. दोन उंच कड्यांमधली ही खिंड. पूर्वी तिच्यातून नदी वाहत असे. हिमयुगात ईशान्येकडून हिमनदी सरकत आली आणि सुमारे अठरा हजार वर्षांपूर्वी नेमकी इथे थबकली. खिंडीच्या दोन्ही तोंडांशी तिने आणलेली माती, गोटे, शिळा यांचे ढीग टाकले आणि वितळून मागे गेली. दोन्हीकडून बंधारा पडला, मध्ये पाणी साठलं. सरोवर ३६० एकरांचं, कडे पाण्यापासून पाचशे फूट उंच. या सरोवरातून बाहेर वाहणारा ओढा नाही. हिमनदी इथे थबकली म्हणून टेकड्यांच्या एका अंगाला बर्फाने घासलेली भूमी आहे आणि दुसऱ्या अंगाला बर्फ कधी पोचलाच नाही. एका दिवसात पायी दोन्ही पाहता येतात.

कड्यावर जायच्या दगडी पायऱ्या पाहून मी थांबले. मोठाल्या शिळा एकीवर एक अशा बसवलेल्या की इतक्या वर्षांत हललेल्या नाहीत. या पायऱ्यांमागे अमेरिकेतल्या महामंदीचा काळ आहे. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९३३ साली बेकार तरुणांसाठी कामाची योजना काढली. महिना ३० डॉलर पगार, त्यातले २५ थेट घरी जायचे. डेव्हिल्स लेकला १९३५ पासून १९४१ पर्यंत अशा तरुणांची छावणी होती. पहारी, घण आणि दोरखंड घेऊन त्यांनी या वाटा काढल्या. १९७२च्या दुष्काळी कामांवर आपल्याकडच्या माणसांनी खडी फोडली, पाझर तलाव बांधले, रस्ते केले. माझ्या आजोळच्या तलावाच्या भिंतीवर चालताना जे वाटतं, तेच मला या पायऱ्यांवर वाटलं. पोटासाठी केलेलं काम होतं, पण ते नीट केलेलं होतं.

सरोवराभोवतीचं हे उद्यान १९११ साली झालं आणि आता वर्षाला वीस लाखांहून जास्त माणसं इथे येतात. ऑक्टोबरातल्या शनिवार-रविवारी पानं लाल-पिवळी झालेली पाहायला एवढी झुंबड उडते की गाडी लावायला जागा मिळत नाही. जायचं तर मंगळवार-बुधवारी जावं, सकाळी आठच्या आत. मला तरी कड्यावर पोचेपर्यंत दोनच माणसं भेटली.

ती दोघं नवरा-बायको होती, माझ्याहून वयाने मोठी. त्याच्या हातात करवत, तिच्या पाठीवरच्या पिशवीत पिवळ्या रंगाचा डबा आणि ब्रश. 'आइस एज ट्रेल' नावाची बाराशे मैलांची पायवाट या टेकड्यांवरून जाते. हिमनदी जिथवर आली, त्या सीमारेषेने ती सबंध विस्कॉन्सिनभर नागमोडी फिरते. मिल्वॉकीचे वकील रे झिलमर यांनी १९५०च्या दशकात तिची कल्पना मांडली आणि १९८० साली अमेरिकी काँग्रेसने तिला राष्ट्रीय दर्जा दिला. अजून ती निम्म्याहून थोडीच अधिक तयार आहे. उरलेल्या भागात चालणाऱ्याला डांबरी रस्त्याने जावं लागतं. दर वर्षी स्वयंसेवक तिची थोडी थोडी लांबी वाढवतात, कुठे जमीन विकत घेऊन, कुठे शेतकऱ्याची परवानगी मिळवून. ही जोडी गेली अनेक वर्षं दोन-अडीच मैलांचा एक तुकडा सांभाळते आहे. वादळात पडलेली झाडं बाजूला करायची, झाडांवरच्या पिवळ्या खुणा पुन्हा रंगवायच्या. खूण दोन इंच रुंद, सहा इंच लांब. "एका खुणेपाशी उभं राहिलं की पुढची दिसली पाहिजे," आजी म्हणाल्या. त्यांनी एका जुन्या ओकच्या खोडावरची सुटलेली साल हाताने अलगद काढली आणि त्या मापाचा पट्टा रंगवला. कडा सरळ आल्या की नाहीत ते दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग पुन्हा पुढे येऊन खालचा कोपरा दुरुस्त केला.

आता एक गोष्ट, जी या गावाच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर यायला हवी. डेव्हिल्स लेक, सैतानाचं सरोवर, हे नाव गोऱ्या वसाहतवाल्यांनी दिलेलं. इथल्या हो-चंक लोकांच्या भाषेतल्या नावाचा अर्थ पवित्र सरोवर असा आहे. पवित्र या शब्दाचा सैतान झाला. या लोकांना एकोणिसाव्या शतकात सरकारने पुन्हा पुन्हा उचलून मिसिसिपीच्या पलीकडे नेऊन टाकलं आणि ते पुन्हा पुन्हा चालत परत आले. विस्कॉन्सिनमध्ये त्यांना राखीव प्रदेश कधी मिळाला नाही. आज त्यांची जी जमीन आहे, ती बहुतेक त्यांनी एकेक तुकडा करून परत मिळवलेली आहे.

त्यांच्या पूर्वजांनी हजारेक वर्षांपूर्वी या भागात मातीच्या आकृती घडवल्या. पक्षी, अस्वल, पाण्यातला लांब शेपटीचा प्राणी. उभं राहून पाहिलं तर गवताने झाकलेला ठेंगणा उंचवटा, वरून पाहिला तर पंख पसरलेला पक्षी. राज्यात अशी आणि इतर प्रकारची मिळून पंधरा ते वीस हजार टेपाडं होती असा अंदाज आहे. नांगराखाली आणि रस्त्याखाली जाऊन आता चारेक हजार उरली. बाराबूच्या ईशान्येला काही मैलांवर त्यांतलं एक आहे, 'मॅन माउंड'. डोक्यावर शिंगं असलेला माणूस, चालतो आहे असा. मूळची लांबी २१४ फूट. माणसाच्या आकाराचं अमेरिकेत शिल्लक राहिलेलं हे एकच. कॅनफील्ड नावाच्या मोजणीदाराने १८५९ साली त्याचा नकाशा काढला, म्हणून आपल्याला मूळ आकार ठाऊक आहे. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून रस्ता काढला, तो त्या माणसाच्या पायांवरून. पाय गेले. तेव्हा मात्र जिल्ह्याचं इतिहास मंडळ आणि राज्याची पुरातत्त्व संस्था जागी झाली. त्यांनी जागा विकत घेतली आणि १९०८ साली ती सगळ्यांसाठी खुली केली. २०१६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले. डांबराच्या अलीकडे त्याचे गुडघे संपत होते. आपल्या गावोगावी वीरगळ असेच अर्धे जमिनीत गेलेले असतात, कुणी त्यांवर धुणं आपटतं, कुणी पायरी करतं. मी त्या आकृतीवर पाय न ठेवता कडेकडेने पूर्ण फेरी मारली. डोक्यापाशी कुणीतरी तंबाखूची चिमूट ठेवली होती. हो-चंक लोकांत तो अर्पणाचा विधी आहे. म्हणजे तिथे अजून कुणी येतं.

आठ दिवस फिरले आणि एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. बाराबूच्या भोवतालची यातली एकही जागा मूळची अस्पर्श राहिलेली नाही. प्रत्येक जागा माणसाने आधी मोडली आहे आणि मग माणसानेच, पुष्कळदा वेगळ्या माणसांनी, ती सावरायला घेतली आहे. बाराबू नदीवर गिरण्यांसाठी बंधारे घातले होते. १९९७ ते २००१ या काळात ते एकामागून एक पाडले आणि आज ती सुमारे ११५ मैल मोकळी वाहते. सॉक प्रेअरी या जुन्या गवताळ माळावर १९४२ साली शेतकऱ्यांना उठवून सात हजार एकरांवर लष्करी दारूगोळ्याचा कारखाना बांधला. तीन युद्धांना त्याने दारू पुरवली. आता कारखाना पाडून, माती साफ करून तिथे पुन्हा माळाचं गवत पेरलं जातं आहे आणि दीड हजारांच्या आसपास एकर हो-चंक लोकांना परत मिळाले आहेत. नुसतं कुंपण घालून माळ वाचत नाही हे मला इथे कळलं. ठरावीक वर्षांनी, वारा पाहून, चारी बाजूंनी पट्टा मोकळा करून माणसं त्याला आग लावतात. नाही लावली तर झुडपं चढतात आणि माळ संपतो. आपल्याकडे डोंगर पेटवतात ते वेगळं. ही मोजून-मापून दिलेली आग आहे.

क्रौंच पक्ष्यांचं केंद्रही या गावाच्या शेजारीच आहे, इंटरनॅशनल क्रेन फाउंडेशन. कॉर्नेल विद्यापीठातल्या जॉर्ज आर्चिबाल्ड आणि रॉन सॉवी या दोन विद्यार्थ्यांनी १९७३ साली, सॉवी कुटुंबाच्या घोड्यांच्या फार्मवर ते सुरू केलं. जगातल्या पंधराही जातींचे क्रौंच एका ठिकाणी पाहायला मिळतात ते इथेच. हूपिंग क्रौंच १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला जगात जेमतेम वीस-बावीस उरले होते. पुढे याच जातीच्या टेक्स नावाच्या मादीला माणसांनी वाढवलं होतं, त्यामुळे ती नराकडे पाहीना, माणसालाच जोडीदार समजे. तिने अंडी घालावीत म्हणून आर्चिबाल्ड यांनी तिच्या कुंपणाशेजारी आपलं टेबल नेलं आणि ते कितीतरी वसंत तिच्यासोबत उड्या मारत, हात पसरत नाचले. कृत्रिम रेतन केलं, अंडी फुकट गेली, पुन्हा नाचले. १९८२ साली एक पिल्लू जगलं. पुढे अति-हलक्या विमानामागून पिल्लांना उडवत विस्कॉन्सिनपासून फ्लोरिडापर्यंत स्थलांतराची वाट शिकवली गेली. आज हूपिंग क्रौंच आठशेच्या आसपास आहेत.

मी मात्र जास्त वेळ उभी राहिले ती सारसांच्या जोडीपाशी. उडणाऱ्या पक्ष्यांत सगळ्यात उंच. लाल मान, राखी अंग. नराने मान वर ताणून हाक दिली आणि मादीने तिच्यात आपली हाक गुंफली, दोघांचा मिळून एकच सूर झाला. महाराष्ट्रात सारस उरले ते मुख्यतः गोंदियाच्या भातखाचरांत, शेतकऱ्याच्या बांधाला लागून. रॉन सॉवी यांनी आपला प्रबंध भरतपूरला हिवाळ्यात येणाऱ्या सायबेरियन क्रौंचांवर लिहिला. ते क्रौंच २००२ नंतर भारतात आलेच नाहीत. गोंदियाच्या सारसांचं तसं होऊ नये, ही माझी कळकळ आहे. पाटातलं पाणी, कीटकनाशकं आणि डोक्यावरून जाणाऱ्या विजेच्या तारा या तिन्हींचा विचार तिथल्या शेतकऱ्याला सोबत घेऊनच करावा लागेल. अंडी त्याच्याच खाचरात आहेत.

शेवटची संध्याकाळ आल्डो लिओपोल्ड यांच्या झोपडीपाशी काढली. मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव शिकवणाऱ्या या माणसाने १९३५ साली विस्कॉन्सिन नदीकाठची एक टाकून दिलेली शेती विकत घेतली. वाळू झालेली जमीन, घर जळून गेलेलं, उभं होतं ते एक कोंबड्यांचं खुराडं, शेणखताने भरलेलं. लिओपोल्ड, त्यांची पत्नी एस्टेला आणि पाच मुलं यांनी ते उपसलं, चुना मारला, फळ्या ठोकल्या. शनिवार-रविवारी येऊन ते पाइनची रोपं लावत. १९३६च्या दुष्काळात जवळजवळ सगळी मेली. पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा लावली, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा. चाळीस हजारांहून अधिक झाडं झाली. त्यांच्या पुस्तकाचं हस्तलिखित प्रकाशकाने स्वीकारल्याचं १४ एप्रिल १९४८ रोजी कळलं आणि बरोबर एका आठवड्याने, शेजाऱ्याच्या शेतातला वणवा विझवताना हृदयविकाराने ते गेले. 'अ सँड काउंटी अल्मनॅक' पुढच्या वर्षी आलं.

झोपडी एवढीशीच आहे. आत चूल, फळ्यांचे माचे, खिडकीतून येणारा तपकिरी उजेड. मला ओढ होती ती त्यांच्या नोंदींची. पहिलं फूल कधी उमललं, कोणता पक्षी कोणत्या दिवशी आला, तळं कधी गोठलं, कधी वितळलं, हे लिओपोल्ड दर वर्षी तारखेनिशी लिहीत. त्यांची मुलगी नीना १९७६ साली इथे राहायला परत आली आणि तिने त्याच जागी त्याच नोंदी पुन्हा सुरू केल्या. बापाच्या आणि लेकीच्या वह्या शेजारी ठेवल्या, तेव्हा वसंतातल्या कितीतरी घटना आता लवकर घडतात हे दिसून आलं. १९९९ साली तो शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हवामान बदलतं आहे, हे एका कुटुंबाच्या पेन्सिलीने दाखवून दिलं.

लिओपोल्ड इथे आले, तेव्हा राज्यात सँडहिल क्रौंचांच्या जेमतेम दोन-तीन डझन जोड्या होत्या. हे पक्षी जाणार, असंच ते धरून चालले होते. सूर्य मावळायला आला आणि नदीच्या वरच्या अंगाने पहिला थवा आला. मग दुसरा. गळ्यात घुंगरू अडकल्यासारखा घरघरता आवाज, आधी दुरून, मग डोक्यावरून. पाय खाली सोडून, पंखांची छत्री करून ते वाळूच्या बेटांवर उतरत होते. अंधार पडला तरी येतच होते. बेटं राखी झाली. मुलीने माझ्या हातात हात घातला. दोघीही बोललो नाही.

घरी येऊन मी वहीत लिहिलं : २९ ऑक्टोबर, विस्कॉन्सिन नदी, सायंकाळी साडेपाचपासून, सँडहिल क्रौंच, अडीचशेपर्यंत मोजले, मग मोजणं सोडलं. माझ्या आयुष्यातली ही पहिली नोंद. आमच्या नाशिककडे मृगाच्या आधी पावशा 'पेरते व्हा' म्हणतो, हे आजीने सांगितलं, आईने सांगितलं, मी मुलीला सांगितलं. पण तो कोणत्या तारखेला पहिल्यांदा बोलला, हे आमच्या घरात चार पिढ्यांत कुणीही लिहून ठेवलेलं नाही. येत्या उन्हाळ्यात तुमच्या गावात पावशाची पहिली हाक ज्या दिवशी ऐकाल, ती तारीख लिहा, झाड लिहा, वेळ लिहा. आणि या अंकाच्या पत्त्यावर मला कळवा. मीही कळवीन.